दादाचा आवाज आणि माझी इस्त्री

आमच्या खानदानात कॉम्प्युटर कळणारा माणूस म्हणजे मी. हे पद मला कुणी परीक्षा घेऊन दिलेलं नाही. चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून कुठला बोल्ट कुठल्या फळीवर आहे ते भरत असतो. एवढ्या भांडवलावर देवगाव रंगारीकडच्या आमच्या वस्तीनं मला तज्ज्ञ ठरवून टाकलं. कुणाचा मोबाईल अडला, कुणाचा टीव्ही मुका झाला, की संभाजीनगरला मला फोन. मी जातो, वायर काढतो, फुंकर मारतो, परत खोचतो. कधी कधी चालतं. नाही चाललं की गंभीर चेहऱ्यानं ‘पार्ट गेलाय’ म्हणतो आणि चहा पिऊन परत येतो.

पण दादाच्या बाबतीत ‘पार्ट गेलाय’ म्हणायची सोय नव्हती. त्याचा पार्ट खरोखरच गेला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी शाळेत गेलो, तो मेंढरांमागं गेला. त्याचा आवाज असा, की या टेकडीवरून हाळी दिली तर पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करायची. पुढं घसा बसला, बसला तो उठलाच नाही. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागंल. काढली. आता त्याचे ओठ हलतात, गळ्याच्या भोकात बसवलेल्या नळीतून हवा येते, शब्द येत नाही. लिहून सांगावं तर त्याला सहीपुरतंच लिहिता येतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी सुचवलं, आवाज आहे तोवर भरून ठेवा. माझा जुना लॅपटॉप घेऊन आम्ही दोघं जिन्याखाली बसलो.

“काय बोलू?” दादानं बसक्या आवाजात विचारलं.

“रोज जे लागतं ते.”

“रोज काय लागतं? च्या.”

मग ‘च्या टाक’ भरलं. ‘पानी दे’, ‘शेळ्या आत घे’, ‘टीव्ही बारीक कर’, ‘पाठ खाजीव’ भरलं. गंमत म्हणून त्यानं मेंढरांची हाळीही भरली आणि जिन्यावरून जाणारी नर्स दचकली. मी म्हटलं, दादा, जरा माणसांत बोल. तर माझ्याकडं बघून म्हणाला, “ह्याला काय कळतं?” तेही भरलं गेलं. रोज लागणारंच वाक्य होतं ते.

मग त्यानं लॅपटॉप जरा जवळ ओढला.

“पोरीच्या सुपारीला एक लागंल,” म्हणाला.

पोरगी तेव्हा नर्सिंग शिकत होती. स्थळाचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, “दादा, अजून कशात काय नाय.”

“तू लाव तुझं ते.”

मी बटण दाबलं, म्हटलं, “बोल दादा, चालू झालं.” त्यानं पाठ ताठ केली, डोक्यावरची टोपी नीट केली, जणू समोर मंडळी बसलीत, आणि म्हणाला, “दिली.”

आमच्यात लग्न ठरताना सुपारी फोडतात. फोडण्याआधी पोरीच्या बापानं चारचौघांत ‘दिली’ म्हणायचं, पोराच्या बापानं ‘घेतली’ म्हणायचं. त्याशिवाय सुपारीवर दगड पडत नाही. बाप हयात नसला तर पोरीचा चुलता म्हणतो. पण बाप समोर बसलेला असताना चुलत्यानं म्हणायचं, म्हणजे त्या बापाला जिवंतपणी फोटोत बसवण्यासारखं.

तर त्या जुन्या लॅपटॉपवर मी एक फुकटचा प्रोग्रॅम घातला. पडद्यावर मोठाले चौकोन, प्रत्येक चौकोनाला कीबोर्डवरचं एक बटण. बटण दाबलं की दादाचा आवाज. कुठलं वाक्य कुठल्या बटणावर, ते दादानं स्वतः बोट ठेवून ठेवून लावून घेतलं. त्यात मला काही सूत्र दिसलं नाही. ‘च्या’ डावीकडं वर, ‘पाठ खाजीव’ मधेच कुठं तरी, आणि ‘दिली’ अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, एकटं. हाळीला मात्र त्यानं कुठं जागा दिली नाही. बाकी सगळ्यांवर त्याचं बोट न बघता बरोबर जायचं. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती. प्लग लावलेला असेल तोवर तो जिवंत. दादासारखाच, एका नळीवर.

मग पोरीला वेरूळकडचं स्थळ आलं. आपल्यातलीच माणसं, मुलगा शहरात नोकरीला. सुपारीचा दिवस ठरला आणि मी आदल्या दिवशी सकाळीच वस्तीवर हजर झालो. मी काय करणार होतो, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

दादा ओसरीवर लॅपटॉपसमोर मांडी घालून सराव करत होता. कोपऱ्यातलं बटण दाबायचा. “दिली.” थोडं थांबायचा, टोपी नीट करायचा, परत दाबायचा. “दिली.”

वहिनी आतून ओरडल्या, “आवं, पोरगी एकच हाय. किती बार देता?”

दादा आवाज न येता हसला. खांदे तेवढे हलले.

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं चहा पिऊन गप्प बसावं. मला वाटलं, पाहुणे येणार, पडदा बघणार, चौकोन असे राखाडी बरे दिसत नाहीत. मी म्हटलं, “दादा, सरक जरा. रंग भरतो.” दादानं माझ्याकडं ‘ह्याला काय कळतं’च्या नजरेनं बघितलं आणि सरकला. मी चौकोन मोठे केले, भगवे-हिरवे केले, अक्षरं जाड केली. मोठ्या समाधानानं ‘सेव्ह’ दाबलं. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, “भाऊजी, उद्याचा सदरा तसाच चुरगाळलेला घालणार व्हय?”

ओसरीवर प्लग एकच. इस्त्री माझ्या हातात. मी लॅपटॉपचा प्लग उपसला आणि इस्त्रीचा घातला.

सदऱ्याची बाही छान निघाली, ते खोटं कशाला सांगू.

परत लॅपटॉप लावला. प्रोग्रॅम उघडायला गेलो तर पडद्यावर त्याचं चित्र आलं आणि गेलं. परत दाबलं. आलं आणि गेलं. दारात येऊन घरात कोण आहे ते बघून उलट्या पावली पळणाऱ्या पाहुण्यासारखं. मी म्हटलं, “तापला असंल.” पुसला. उताणा करून फुंकला. बंद करून चालू केला. येतंय आणि जातंय.

दादा शेजारीच होता. त्यानं बोट उचलून कोपऱ्यातल्या बटणावर ठेवलं. काही नाही. परत दाबलं. माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, पण मला कळलं.

“पाच मिनिटं,” मी म्हटलं. हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या वेळा म्हटलं, की नंतर वहिनींनी चहा विचारायचंही सोडलं.

पहिला शोध लावला तो व्हायरसचा. व्हायरस तपासायला दुपार झाली. सापडला नाही. मग मी ठरवलं, प्रोग्रॅमच खराब झालाय, मुळासकट काढून नव्यानं घालू. मोबाईलचं नेट जोडून तो परत उतरवला. वस्तीवर रेंज फक्त पाण्याच्या हौदाच्या काठावर. त्यामुळं मी हौदावर मोबाईल धरून उभा, आणि शेळ्या माझ्या पायाशी पाणी पितायत. उतरला, घातला, उघडला. चित्र आलं. गेलं. परत काढला, परत घातला. तेच. नवाकोरा प्रोग्रॅम, आणि दुखणं जुनंच?

वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “नसंल व्हत तर राहू द्या, भाऊजी. उद्या तुम्हीच म्हना. चुलतेच हाय तुम्ही.”

त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण दादानं ऐकलं. हातातला चहा तसाच खाली ठेवला, काठी उचलली आणि शेळ्या घेऊन निघून गेला. वळूनही बघितलं नाही. मी त्याला हाक मारणार होतो, पण हाक मारून सांगणार काय होतो?

मी परत हौदावर चढलो आणि आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा जो आहे, त्याला फोन लावला. पक्का शहरातला माणूस.

“बंद करके चालू किये क्या, साहब?”

“लई वेळा.”

“निकालके फिरसे डाले?”

“हो रे बाबा.”

“फिर बी वहीच? तो परोग्राम को कायकू मारते? एक काम करो. उसी मशीन पे नवा युजर बनाओ, उधर खोलके देखो. उधर चला तो मशीन बी अच्छी, परोग्राम बी अच्छा. पुराने युजर की सेटिंग की फाईल सड गई हुएंगी. बीच में लाईट गई थी क्या?”

मी लांबूनच ओसरीवरच्या इस्त्रीकडं बघितलं. “अं… गेली होती.”

“बस. लिखते लिखते कट गई. वो फाईल को…”

आणि रेंज गेली. त्या फाईलला काय? काढू? जाळू? पुजू? मी हौदाच्या चारही कोपऱ्यांवर चढून बघितलं, रेंज आली नाही.

नवा युजर काढला. तिथं प्रोग्रॅम उघडला. एकदम शहाण्यासारखा. सगळे चौकोन रिकामे, पण उघडला! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या सवयी लिहिलेली फाईल मागं राहते. भाडेकरू गेला तरी त्यानं भिंतीत ठोकलेले खिळे राहतात, तशी. मी नवा भाडेकरू आणत होतो आणि तो येऊन त्याच खिळ्याला अडकून फाटत होता.

जुन्या युजरमध्ये परत जाऊन, लपवलेल्या फोल्डरांमध्ये शिरून, ती फाईल हुडकली. उघडून बघितली. वरच्या ओळी ठीक. कुठल्या चौकोनाला कुठला रंग, ते सगळं दिसत होतं. बटणांच्या ओळी सुरू होणार, तिथूनच नुसते चौकटी-चौकटीचे ठिपके. माझे भगवे-हिरवे रंग तेवढे सुखरूप लिहिले गेले होते, आणि दादाची बटणं लिहायच्या वेळी मी सदऱ्याच्या बाहीकडं वळलो होतो.

ती काढून टाकायला हात धजेना. तिच्याबरोबर आवाजही गेला तर? शेवटी भीतीपोटी मी तिचं नुसतं नाव बदललं, पुढं ‘जुनी’ असं लिहिलं. प्रोग्रॅमला वाटलं फाईल नाही, त्यानं गुपचूप नवी केली आणि उघडला. त्या अख्ख्या दिवसातलं हे एकच काम बरोबर झालं, आणि ते अक्कल चालवून नाही, घाबरून झालं.

चौकोन सगळे रिकामे. पण रेकॉर्डिंगचं फोल्डर शाबूत होतं, मूळचं, काटछाट न केलेलं. फक्त त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. कुठल्यात काय आहे, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. मी आवाज मोठा केला आणि एकेक लावत बसलो. ‘पानी दे.’ ‘शेळ्या आत घे.’ आणि मग मधेच, अख्ख्या घरात भरून, दादाची हाळी.

“हुर्रर्र… हाऽऽ ये ये ये!”

आत लाटणं थांबलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. कितीतरी दिवसांनी ती हाळी या अंगणात आली होती. त्यांनी नुसता चौकटीला हात लावला. तेवढ्यात बाहेर धुरळा उडाला. उतारावरून शेळ्या धावत सुटल्या त्या थेट ओसरीवर. एकीनं तर माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पाय दिला. आणि त्यांच्या मागून दादा येत होता, काठी खांद्यावर, भरभर.

“आला आवाज,” मी म्हटलं.

त्यानं वाकून कोपऱ्यातलं बटण दाबलं. अजून रिकामं होतं. मी म्हटलं, “थांब, सगळं लावून ठेवतो, तू शेळ्या बांध.” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला, आणि शेळ्या वळवत गेला.

त्याला थांबवून मी एवढंच विचारायला हवं होतं, दादा, कुठलं कुठं होतं? पण मी पडलो स्टोअरचा माणूस. आमच्याकडं प्रत्येक वस्तू अक्षरानं लागते. मी मोठ्या हुशारीनं सगळी वाक्यं बाराखडीच्या क्रमानं लावली, भगवे-हिरवे रंगही परत भरले. च, ट, द, प… वा! आता कुणालाही सापडेल, असं मनाशी म्हटलं. ते कुणालाही सापडायचं नव्हतं. एकाच माणसाला सापडायचं होतं.

सकाळी पाहुणे वेळेआधीच आले. दादानं नजरेनं विचारलं, मी अंगठा दाखवला. ओसरीवर सतरंजी टाकली. पाटावर सुपारी, तांदूळ, दगड. एका बाजूला मुलाचे वडील, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून पेंगणारे त्यांचे म्हातारे वडील. दुसऱ्या बाजूला दादा, पुढ्यात लॅपटॉप, प्लगपाशी मी पहारेकऱ्यासारखा. पोरगी आतल्या दारात, पदर सावरून. लग्न जुळवणारे मध्यस्थ म्हणाले, “हं, पोरीच्या बापानं बोलावं.”

दादानं पाठ ताठ केली. टोपी नीट केली. पडद्याकडं बघितलंही नाही, समोर मंडळींकडं बघत बोट खाली उजव्या कोपऱ्यात नेलं आणि दाबलं.

बाराखडीत सगळ्यात शेवटी काय येतं? ह. ‘ह्याला काय कळतं’ लावून झाल्यावर दुसरा ह मी शेवटच्या, कोपऱ्यातल्या चौकोनात घातला होता.

“हुर्रर्र… हाऽऽ ये ये ये!”

मागं गोठ्यात शेळ्या ओरडायला लागल्या. आणि पेंगणारे आजोबा खाडकन जागे झाले, हात तोंडाशी नेला आणि डोळे पुरते उघडायच्या आत त्यांनी उलटी हाळी दिली, “हेऽऽ र्रर्र हो हो!” रानात एकानं हाळी दिली की दुसऱ्यानं द्यायची असते, म्हणजे कुणाचा कळप कुठं आहे ते कळतं. आयुष्यभराची सवय. ओसरी हसून लोळली. पोरीनं पदर तोंडात कोंबला. आजोबा गोंधळून विचारत होते, “कुनाची मेंढरं आली रे?”

मध्यस्थांनी डोळे पुसले. “आता काय राहिलं, दोन्हीकडून बोल झाला असं धरू. फोडा सुपारी!”

मला हायसं वाटलं. सुटलो म्हटलं. पण दादानं हात वर केला.

हसणं थांबलं. दादा पहिल्यांदा पडद्याकडं वाकला. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. भगवे-हिरवे चौकोन, जाड अक्षरं, आणि त्याला त्यातलं एकही झटकन वाचता येत नव्हतं. मी पुढं सरकून ‘दिली’कडं हात नेला. त्यानं माझ्या हातावर फाडकन चापट मारली. लहानपणी गुळाच्या डब्याशी मारायचा तशी.

मग त्यानं एकेक बटण दाबायला सुरुवात केली.

“टीव्ही बारीक कर.”

कुणी हसलं नाही.

“पाठ खाजीव.”

वहिनींनी तोंड फिरवलं.

“ह्याला काय कळतं?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीच्या विणीकडं बघितलं.

“च्या टाक.” “पानी दे.” आतून कुणीतरी खरंच पाण्याचा तांब्या घेऊन आलं आणि तसंच उभं राहिलं. दादाचं बोट कीबोर्डवरच होतं. मला कुठलं बटण ते माहीत होतं, अगदी त्याच्या बोटाच्या शेजारचं, आणि मी काही करू शकत नव्हतो. त्याला म्हणायचं होतं. मी दाखवून म्हणायचं नव्हतं.

बोट सरकलं. दाबलं गेलं. आधी थोडी खरखर, त्या खरखरीत जिन्याखालचा माझा आवाज: “बोल दादा, चालू झालं.” आणि मग:

“दिली.”

मुलाचे वडील जरा थांबून म्हणाले, “घेतली.” सुपारीवर दगड पडला.

पाहुणे गेल्यावर मी बटणं परत त्याच्या क्रमानं लावायला बसलो. क्रम काय होता, ते त्यालाही सांगता येईना. बोटालाच ठाऊक होतं. मी एकेक वाक्य वाजवायचो, तो डोळे मिटून बोट ठेवायचा, तिथं मी ते लावायचो. रंग काढून टाकले. शेवटी राहिला खाली उजवा कोपरा. मी ‘दिली’ वाजवलं. त्यानं मान हलवली, नको. हाळी वाजवली. नको.

“मग काय लावू?”

वहिनी आतून म्हणाल्या, “राहू द्या मोकळं.”

तसं मोकळंच ठेवलं. पोरगी आता वेरूळकडं आहे, नांदते आहे. मी वस्तीवर गेलो की कधी कधी दादा ओसरीवर एकटा लॅपटॉपसमोर बसलेला दिसतो. टोपी नीट करतो आणि कोपऱ्यातलं बटण दाबतो. काही वाजत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सवयीनं आधी प्लग बघितला.

प्लग जागेवर होता.